‘गोळ्या सुरू झाल्या आणि सुचणं थांबलं!’

गेल्या वर्षी भात कापणीला आला होता त्या सुमारास आमच्या मेडिसिनच्या ओपीडीत एक गृहस्थ पत्नीला घेऊन आले. सोमवार होता, म्हणजे रांग पार व्हरांड्यापर्यंत. केसपेपरवर मानसोपचार विभागाने लिहिलेली एक ओळ होती : ‘दोन वर्षांपासून लिथियमवर. थकवा, वजन वाढले. कृपया तपासावे.’ मी नाडी बघत होतो तेवढ्यात ते म्हणाले, ‘‘साहेब, थकव्याचं राहू द्या. मला सुचत नाही. ते लिहा कागदावर.’’

मी मान वर केली. सरकारी नोकरीत पंचविसाहून जास्त वर्षं गेली. दम लागतो, छातीत भरून येतं, भूक नाही, झोप नाही, हे रोजचं. ‘सुचत नाही’ ही तक्रार घेऊन आलेला रुग्ण मी पहिल्यांदाच पाहत होतो.

हे गृहस्थ झाडीपट्टीतले नाटककार. (त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो : भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भाताच्या पट्ट्यात पीक घरात आलं की गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर नाटक चालतं. वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, तारखा तिथे ठरतात. दर हंगामाला नवीन नाटक लागतं, नवीन गाणी लागतात. म्हणजे आमच्या या रुग्णासाठी ‘सुचणं’ ही हौस नव्हती, पोटाचा प्रश्न होता.

त्यांची हकिगत थोडक्यात अशी. तीन वर्षांपूर्वी त्यांनी अकरा रात्रींत तीन नाटकं लिहिली. झोप नाही, जेवणाची शुद्ध नाही, वह्या संपल्या तर भिंतीवर कोळशाने गाणी. मग पहाटे चारला निर्मात्यांना फोन सुरू झाले, स्वतःची कंपनी काढायची म्हणून एक एकर शेत गहाण पडलं. दीड महिन्याने हे सगळं उतरलं आणि माणूस खाटेवरून उठेना. एका संध्याकाळी गावातल्या पोरांनी त्यांना विहिरीच्या काठावरून घरी आणलं. निदान : बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणारा आजार. लिथियम सुरू झालं आणि दोन वर्षं घर शांत झालं. पण ‘‘डोक्यातली विहीर आटली,’’ असं त्यांचं म्हणणं. गेल्या महिन्यापासून ते रात्रीची गोळी गुपचूप टाळत होते. पत्नीला ते त्या दिवशी माझ्यासमोरच कळलं.

‘‘साहेब, एवढं सांगा,’’ ते म्हणाले, ‘‘त्या अकरा रात्री जे आलं ते कुठून आलं? आणि आता कुठं गेलं?’’

रांगेत साठ-सत्तर माणसं उभी होती. मी रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, ‘‘भाऊ, गोळी एकही चुकवायची नाही, आठ दिवसांनी या,’’ एवढं बजावलं. पुढच्या खेपेला त्यांना जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो.

आपली भाषा या बाबतीत फार नेमकी आहे. ‘मी विचार करतो’ असं आपण म्हणतो, पण ‘मी सुचतो’ म्हणत नाही. ‘मला सुचतं.’ मला भूक लागते, मला ताप येतो, मला आठवतं, तसंच मला सुचतं. म्हणजे करणारा कुणी दुसराच आहे आणि मी फक्त घेणारा, हे व्याकरणानेच मान्य केलं आहे. त्यामुळेच सगळीकडच्या माणसांनी सुचण्याचं श्रेय बाहेर कुणाला तरी दिलं. ग्रीकांनी काव्यदेवतांना दिलं, आपण सरस्वतीला देतो, रामानुजन आपल्या सूत्रांचं श्रेय नामगिरी देवीला देत. त्या श्रद्धेशी मला भांडायचं नाही. पण रामानुजन यांनी तरुणपणी कार नावाच्या इंग्रज शिक्षकाचा हजारो सूत्रांचा ग्रंथ पानापानाने पिंजून काढला होता आणि पाटीवर रात्रंदिवस गणितं केली होती, हा भाग गोष्टीतून गळतो. देवी प्रसन्न झाली ती पाटी झिजवलेल्या माणसाला.

आमच्या वैद्यकशास्त्रातच याचं एक फार सुंदर उदाहरण आहे. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स इथे ऑटो लोवी नावाचे औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या काळी वाद असा होता की मज्जातंतू हृदयाला किंवा स्नायूला हुकूम देतो तो विजेने की कुठल्या रसायनाने? बहुतेकांचं मत विजेच्या बाजूने होतं. ईस्टरच्या आदल्या रात्री लोवी झोपेतून जागे झाले, दिवा लावला, एका चिठोऱ्यावर काहीतरी खरडलं आणि पुन्हा झोपले. सकाळी सहाला आठवलं की रात्री काहीतरी महत्त्वाचं लिहिलंय, पण स्वतःचंच अक्षर लागेना! (डॉक्टरांच्या अक्षराला हसणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) तो अख्खा दिवस त्यांचा तळमळण्यात गेला. दुसऱ्या रात्री तीनला तीच कल्पना परत आली. या वेळी त्यांनी चिठोऱ्याचा धोका पत्करला नाही. उठून थेट प्रयोगशाळा गाठली.

प्रयोग इतका साधा की शाळेतल्या मुलालाही समजावा. बेडकाचं हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या विशिष्ट द्रावणात ठेवलं तर बराच वेळ धडधडत राहतं. लोवींनी अशी दोन हृदयं घेतली. पहिल्याला व्हेगस नावाची नस जोडलेली होती, दुसऱ्याची काढून टाकलेली. पहिल्याची नस उत्तेजित केली, ठोके मंदावले. मग त्या हृदयातलं द्रावण काढून दुसऱ्या हृदयात घातलं. त्याला नस नव्हतीच, तरी त्याचेही ठोके मंदावले! म्हणजे नसेतून काहीतरी रसायन सुटलं होतं आणि ते द्रावणाबरोबर दुसऱ्या हृदयात पोचलं होतं. १९२१ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. ते रसायन म्हणजे असेटिलकोलीन. १९३६ चं नोबेल लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना विभागून मिळालं. दोनच वर्षांनी नाझींनी ऑस्ट्रिया घेतला, ज्यू असलेल्या लोवींना अटक झाली आणि सुटकेसाठी बक्षिसाची रक्कम त्यांच्या हवाली करावी लागली, ती गोष्ट वेगळी.

हे रसायन मला जवळचं आहे ते वॉर्डातल्या अनुभवामुळे. फवारणीच्या दिवसांत आमच्याकडे कीटकनाशकाने विषबाधा झालेले शेतकरी येतात. तोंडातून लाळ, घामाने चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि नाडी मंद. यातली बरीच कीटकनाशकं असेटिलकोलीन मोडणाऱ्या विकरालाच निकामी करतात, त्यामुळे ते शरीरात साचत जातं. लोवींच्या दुसऱ्या बेडकाचं जे झालं तेच इथे माणसाचं होत असतं. अशा वेळी सिस्टर रात्रभर ॲट्रोपिनच्या ॲम्प्यूल फोडत असतात. या रसायनाचा परिणाम ॲट्रोपिनने थांबतो हेही लोवींनी बेडकाच्या हृदयावर तपासलं होतं. अर्ध्या रात्री पडलेल्या एका स्वप्नाचा धागा असा थेट आमच्या आयसीयूपर्यंत येतो. म्हणून ‘स्वप्नातली कल्पना’ म्हटलं की मला हसू येत नाही.

पण ही गोष्ट इथेच संपवली तर ती खोटी होते. मज्जातंतू रसायनाच्या मदतीने काम करत असतील, हा विचार लोवींच्या मनात १९०३ सालीच एका मित्राशी बोलताना येऊन गेला होता. तपासायचं कसं ते न सुचल्याने तो बाजूला पडला. पुढे, स्वप्नाच्या दोन वर्षं आधी, बेडकाच्या हृदयातून द्रावण गोळा करण्याची पद्धत त्यांनी दुसऱ्याच एका कामासाठी वापरली होती. प्रश्न सतरा वर्षं एका कप्प्यात, अवजार दोन वर्षं दुसऱ्या कप्प्यात. त्या रात्री झालं एवढंच की दोन्ही कप्पे एकदम उघडले. स्वतः लोवींनी नंतर कबूल केलं की दिवसाढवळ्या नीट विचार केला असता तर हा प्रयोग त्यांनी बाद केला असता, कारण सुटलेलं रसायन द्रावणात उतरण्याइतकं जास्त असेल असं कुणालाच वाटलं नसतं. जागेपणीचा शहाणपणा इथे आडवा आला असता!

फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वांकारे यांचा अनुभव याच जातीचा. पंधरा दिवस ते एका गणिताशी झुंजले. मग भूगर्भशास्त्राच्या एका सहलीला गेले, गणित डोक्यातून गेलं, आणि कुतांस गावी घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता उत्तर समोर उभं राहिलं. बरोबरच्या माणसाशी सुरू असलेल्या गप्पाही त्यांनी थांबवल्या नाहीत. घरी परतल्यावर मात्र सवडीने सगळं तपासून पाहिलं. अशा अनुभवांवरून ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने १९२६ साली सुचण्याच्या चार पायऱ्या मांडल्या : तयारी, मुरणं, उजळणं आणि तपासणं. यातला ‘मुरणं’ हा शब्द माझा. मूळ शब्दाचा अर्थ अंडी उबवणं असा आहे, पण लोणचं घालणाऱ्या समाजाला मुरणं लवकर कळतं. तिसऱ्या पायरीला आपल्याकडे ‘ट्यूब पेटणं’ म्हणतात. जुनी ट्यूबलाइट आठवा. बटण दाबलं की लगेच लागत नसे, स्टार्टर आत टिकटिक करत बसे आणि मग भक्कन उजेड. बटण आणि उजेड यांच्यातला तो टिकटिकीचा वेळ म्हणजे मुरणं. फरक इतकाच की माणसाची ट्यूब बटणाजवळ उभं राहून वाट बघितली तर पेटत नाही. उठून अंघोळीला गेलं की पेटते.

या टिकटिकीचं शास्त्र अलीकडे तपासलं जाऊ लागलं आहे. जर्मनीतल्या ल्युबेक विद्यापीठातला २००४ चा प्रयोग गाजला. लोकांना आकड्यांच्या ओळी सोडवायला दिल्या. पायरीपायरीने उत्तर येत असे, पण आत एक छुपा नियम होता. तो सापडला की उत्तर चुटकीसरशी. थोडा सराव करून घेतल्यावर काहींना आठ तास झोपू दिलं, काहींना तितकाच वेळ जागं ठेवलं. झोपलेल्या २२ जणांपैकी १३ जणांना नियम सापडला, जागलेल्यांच्या प्रत्येक गटातल्या २२ पैकी फक्त ५ जणांना. पण मला त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. ज्यांनी आधी सराव केलाच नव्हता, त्यांना झोपेचा काहीही फायदा झाला नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उशाशी घेऊन झोपणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हे नेहमी सांगतो. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत झोपेचा इतका ठळक फायदा दिसलेला नाही हेही खरं. काहींमध्ये नुसती विश्रांतीही तेवढीच उपयोगी पडली.

२०२१ साली पॅरिसच्या संशोधकांनी याच कोड्यावर आणखी गमतीचा प्रयोग केला. एडिसन हातात धातूचा गोळा धरून खुर्चीत डुलकी काढत, डोळा लागला की गोळा पडे, आवाजाने जाग येई आणि त्या क्षणी मनात असेल ते ते टिपून घेत, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी की खोटी कोण जाणे, पण संशोधकांनी शंभरेक लोकांना हातात पेला देऊन अंधाऱ्या खोलीत वीस मिनिटं टेकायला लावलं आणि डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख घेतला. जे पूर्ण जागे राहिले त्यांच्यातल्या ३० टक्क्यांना नियम सापडला. ज्यांनी पेंगण्याच्या पहिल्या उंबरठ्यावर किमान पंधरा सेकंद घालवली त्यांच्यातल्या तब्बल ८३ टक्क्यांना! आणि जे त्यापुढच्या गाढ झोपेत उतरले त्यांच्यातल्या १४ टक्क्यांना. म्हणजे खिडकी आहे, पण अगदी अरुंद. जाग आणि झोप यांच्या त्या उंबरठ्यावर मेंदूचा पहारेकरी जरा सैलावतो, लांबलांबच्या कप्प्यांतल्या गोष्टी एकमेकींना भेटतात, आणि तरीही ते टिपून ठेवण्याइतकं भान शिल्लक असतं.

आता आमच्या नाटककारांच्या अकरा रात्रींकडे येऊ.

उन्मादाच्या झटक्यात कल्पना खरोखरच धो धो येतात. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. यमकांची तर लयलूट असते. असे रुग्ण कधीकधी शब्दाच्या अर्थावरून नव्हे, नुसत्या नादावरून उड्या मारत बोलतात. म्हणजे तिसरी पायरी बेफाम सुटते. गळून पडते ती चौथी. लिहिलेलं बघून ‘हे बरं नाही, काढून टाक’ म्हणणारा आतला माणूस रजेवर गेलेला असतो. मी त्यांना विचारलं, ‘‘त्या तीन नाटकांचं पुढे काय झालं?’’ ते जरा थांबले. एका नाटकाचे दोन अंक चालले. बाकी दोन वाचताना आता त्यांनाच अर्थ लागत नव्हता. भिंतीवरच्या गाण्यांतलं एक चांगलं निघालं. पत्नी मध्येच म्हणाली, ‘‘आन् एक एकर गेलं.’’

वेड आणि प्रतिभा यांचं नातं अगदीच खोटं आहे असंही नाही. स्वीडनमध्ये सुमारे तीन लाख मनोरुग्णांच्या नोंदी तपासून २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बायपोलर आजार असणारे लोक कला-विज्ञानासारख्या सर्जनशील व्यवसायांत अपेक्षेपेक्षा जास्त दिसले. पण तसेच जास्त दिसले त्यांचे निरोगी सख्खे भाऊ-बहीणही. याचा अर्थ मी असा घेतो की देणगी असेल तर ती स्वभावाच्या, रक्ताच्या ठेवणीत असावी. आजाराचा झटका ही तिची किंमत नाही आणि अटही नाही.

आणि लिथियम? १९४९ साली ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी उन्मादावरचा त्याचा उपयोग मांडला. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शू यांनी त्यावर आयुष्य घालवलं. आमच्या नाटककारांचा प्रश्न शू यांनाही पडला होता. लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना त्यांनी तो थेट विचारला आणि १९७९ साली उत्तर छापलं. १२ जणांचं काम वाढलं होतं, ६ जणांचं होतं तेवढंच राहिलं होतं, ६ जणांचं कमी झालं होतं. चोवीस म्हणजे फार थोडी माणसं, हे कबूल. पण निम्म्यांचं काम वाढलं, कारण नैराश्यात वाया जाणारे महिने वाचले. ज्या सहांचं कमी झालं त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नये. काही रुग्णांना लिथियमने विचार संथ झाल्यासारखं वाटतं, हे आम्हा डॉक्टरांना ऐकून घ्यायला हवं. आमच्यापैकी अनेक जण ‘‘आजार बरा आहे ना, मग झालं तर’’ म्हणून मोकळे होतात. मीही झालो आहे. रक्तातली पातळी बघून मात्रा कमी करता येते, दुसरं औषध देता येतं. ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात. मनाने अचानक बंद केलं तर मात्र झटका उलटण्याचा धोका वाढतो. आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या मोजक्या औषधांत लिथियम आहे, आणि विहिरीचा काठ या माणसाने पाहिलेला होता.

अजून एक गोष्ट तपासायची राहते, आणि ती आमच्या मेडिसिनच्या हद्दीतली. लिथियममुळे काही रुग्णांची थायरॉइड ग्रंथी मंदावते. मग थकवा, वजन वाढणं, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, आणि डोकं जड, विचार चिखलातून चालल्यासारखे. म्हणून लिथियम घेणाऱ्याने दर सहा महिन्यांनी थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी करायची असते. या गृहस्थांची दोन वर्षांत थायरॉइडची तपासणी झालीच नव्हती. कुणी लिहून दिली नव्हती की हे गेले नव्हते, ते केसपेपरवरून कळेना. आठ दिवसांनी रिपोर्ट हातात आला : टीएसएच ३८. साधारण पाचपर्यंत असायला हवं.

म्हणजे विहीर आटली नव्हती, पंप बंद पडला होता, असं म्हणायचा मोह मला झाला. पण म्हटलं नाही, कारण तेवढंच खरं होतं की नाही ते माहीत नव्हतं. थायरॉक्सिनची गोळी पहाटे उपाशीपोटी सुरू केली. लिथियम मानसोपचार विभागाच्या सल्ल्याने तसंच ठेवलं, आणि रात्रीची झोप काही झालं तरी मोडायची नाही असं ठरवलं. बायपोलर रुग्णांत जागरणाने उन्माद चेतवला जातो. नाटकाच्या हंगामात झाडीपट्टीतल्या माणसाला हे सांगणं म्हणजे मासळीला पाण्याबाहेर राहा सांगणं. त्यांनी प्रयोगांना जाणं सोडलं, तालमी दुपारी घेतल्या.

फेब्रुवारीत ते पुन्हा आले. चेहऱ्यावरची सूज उतरली होती. टीएसएच ४.२, रक्तातलं लिथियम योग्य पातळीत. या हंगामात एक नाटक लिहून झालं, साडेतीन महिन्यांत. ‘‘पूर्वीसारखं येत नाही साहेब,’’ ते म्हणाले. ‘‘एक गाणं आलं तर चार खोडावी लागतात. पण कंपनीने पूर्ण पैसे दिले, एवढं खरं.’’ पूर्वीसारखं न येण्याचं दुःख त्यांना आहे, आणि ते माझ्या कुठल्या गोळीने जाणार नाही.

पॅरिसच्या पेल्याची गोष्ट त्यांनी मनावर घेतली होती. दुपारी जेवणानंतर खुर्चीत बसायचं, हातात स्टीलचा पेला. मी विचारलं, काही हाती लागलं का?

‘‘लागलं ना,’’ पत्नी म्हणाली. ‘‘पेला पडला की हे घोरतच राह्यतात. जाग मला येते.’’